फक्कीच्या पलीकडे

मैदानावर फक्की मारणारा माणूस दिसला की माझी पावलं आजही थबकतात. दोन खुंट्या, त्यांच्यात ताणलेली सुतळी आणि तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. तो वाकून, डबा हलक्या हाताने हलवत मागे मागे सरकत जातो आणि त्याच्या पायांसमोर पांढरी रेघ उमटत जाते. सकाळी सातला कोरी करकरीत असलेली ती रेघ तिसऱ्या मॅचपर्यंत बुटांखाली निम्मी पुसली जाते. पुण्याच्या पावसाळ्यात तर पहिल्या अर्ध्या तासातच ती नासलेल्या दुधासारखी फुटते आणि चिखलात मिसळते. तरी सगळे ती आहे असं धरूनच खेळतात.

त्या रेघेच्या पलीकडे मी एकदा पडलो होतो. ऑगस्ट १९९६, एका स्थानिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. मी एकोणीस वर्षांचा, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. आमची टीम पेठांतल्या पोरांची आणि समोर खडकीची मुलं. खडकी, दापोडी, कॅम्प या भागांत फुटबॉल अंगणात असतो. लष्कराच्या छावण्यांमुळे तिथे तो आमच्याकडच्यापेक्षा फार आधी रुजला. आम्ही वाढलो कबड्डी आणि खो-खोवर. खो-खोचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगितलेलं. फुटबॉल आमच्याकडे उशिरा आला, पण आल्यावर आम्हाला त्याने झपाटून टाकलं.

तर कॉर्नर आला. मी आणि आमचा गोलकीपर एकाच बॉलसाठी उडालो. त्याचा गुडघा माझ्या कमरेत बसला, मी उतरताना घोटा मुरगळला आणि चिखलावरून घसरत गोलपोस्टला लागून थेट गोलरेषेच्या बाहेर गेलो. गाल जाळीला टेकलेला. जाळीच्या दोऱ्याला कुजक्या पाण्याचा वास होता, तो मला आत्ताही येतो. गोलकीपरने मुठीने मारलेला बॉल पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंतच गेला होता. आमचा कॅप्टन ओरडला, "बाहेर पडा रे, बाहेर पडा!" आणि सगळी फळी ऑफसाइड काढायला, म्हणजे समोरचा फॉरवर्ड नियमबाह्य ठरेल असा आमच्या मागे एकटा सोडायला, पुढे धावली. मी सोडून सगळे. त्यांच्या राइट विंगरने बॉल परत आत टाकला. त्यांचा फॉरवर्ड आमच्या फळीच्या मागे एकटा उभा होता, समोर फक्त गोलकीपर. त्याने पायाच्या आतल्या बाजूने बॉल अलगद लोटला. बॉल माझ्या डोळ्यांपासून दोन हातांवरून जाळीत गेला. मला तो खालून दिसला, चिखलाने तपकिरी झालेला, हळू फिरत येणारा.

आमचे दहाही जण हात वर करून ऑफसाइड मागत होते. लाइन्समन म्हणून उभ्या असलेल्या पोराने झेंडाही वर केला होता. रेफ्री त्याच्याकडे गेले, दोन वाक्यं बोलले, आणि वळून त्यांनी मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं. गोल.

पुढचं सगळं मी जाळीला धरून उभा राहत पाहिलं. आरडाओरडा, रेफ्रींच्या भोवती कडं. रेफ्री पन्नाशीचे, खडकीच्या एका कारखान्यात नोकरी करणारे आणि रविवारी शिट्टी वाजवणारे. त्यामुळे कुणीतरी म्हणालंच, "खडकीचेच आहेत, देणारच." त्यांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी समजावायचा प्रयत्न केला, पण आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही. कॅप्टन म्हणाला, "चला रे. खेळायचंच नाही." आम्ही मैदान सोडलं. खेळ संपायला सात मिनिटं होती आणि आम्ही एकाच गोलने मागे होतो. मी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, लंगडत, पण मनापासून बाहेर पडलो. आपल्यावर अन्याय झालाय याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती.

ती शंका यायला बारा वर्षं लागली.

९ जून २००८. युरो स्पर्धा, बर्नमध्ये नेदरलँड्स विरुद्ध इटली. आपल्याकडे मॅच रात्री सव्वाबाराला सुरू झाली. घरात सगळे झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून बसलो होतो. सव्विसाव्या मिनिटाला डच फ्री किकवर इटलीचा गोलकीपर बुफोन आणि त्याचाच बचावपटू पानुची एकमेकांवर आदळले. पानुची गोलरेषेच्या बाहेर जाऊन पडला. बॉल पुन्हा आत आला, स्नायडरने मारला, आणि गोलसमोर उभ्या व्हान निस्टलरॉयने वळवून जाळीत घातला. त्याच्या पुढे दिसत होता तो फक्त बुफोन. इटलीचे खेळाडू हात वर करून धावले. स्वीडिश रेफ्री फ्रॉइडफेल्ट यांनी गोल दिला.

मी ताडकन उठून उभा राहिलो. विश्वविजेत्या इटलीवर, सगळ्या जगासमोर, माझाच गोल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे आधी ओरड झाली, की रेफ्री चुकले. मग युरोपियन संघटनेने स्पष्टीकरण दिलं, की रेफ्री बरोबर होते. ऑफसाइड ठरायचं नसेल तर बॉल टाकला जाण्याच्या क्षणी आक्रमण करणाऱ्याच्या पुढे विरुद्ध बाजूचे निदान दोन खेळाडू हवेत, किंवा तो त्यांतल्या दुसऱ्याच्या बरोबरीला तरी हवा. त्यातला एक बहुतेक वेळा गोलकीपर असतो. आम्ही सगळे दुसरा कुठे आहे हे मैदानात शोधत होतो. तो बाहेर पडलेला होता. बचाव करणारा खेळाडू रेफ्रीच्या परवानगीशिवाय मैदानाबाहेर गेला, मग तो धावण्याच्या ओघात गेलेला असो की पडून, तर ऑफसाइड ठरवताना तो रेषेवरच उभा आहे असं धरलं जातं. पानुची जाहिरातींच्या फलकाशी विव्हळत होता, पण नियमाच्या नजरेत तो गोलरेषेवर होता. मीही होतो.

यामागचं कारण कळल्यावर ते अगदी साधं वाटतं. असं धरलं नाही, तर कुठलाही बचावपटू ऐन वेळी एक पाऊल रेषेच्या मागे टाकेल आणि समोरच्याला ऑफसाइड करेल. मुद्दाम तसं केलं तर आज पिवळं कार्ड आहे. गोल तर होतोच, आणि पुढच्यांदा बॉल थांबला की कार्डही निघतं. पडलेला माणूस किती वेळ रेषेवर धरायचा, हेही २०१६ पासून नियमात स्पष्ट लिहिलंय. खेळ थांबेपर्यंत, किंवा बचाव करणाऱ्यांनी बॉल मध्यरेषेच्या दिशेने मारून पेनल्टी बॉक्सबाहेर काढेपर्यंत. त्यानंतर तो हिशोबातून सुटतो. आमचा बॉल बॉक्सच्या कडेवर होता. बाहेर गेलाच नव्हता. आजच्या काट्यावर तोललं तरी तो गोल गोलच राहतो.

आमची खरी गफलत झाली ती कबड्डीमुळे, असं मला वाटतं. कबड्डीत रेषा अंगासाठी असते. पायाचं बोट शेवटच्या रेषेपलीकडे टेकलं की तुम्ही बाद, मागे जाऊन बसा. मग आपल्या गड्याने गुण आणला की आधी बाद झालेला आधी उठतो. आमच्या अंगात हेच भिनलेलं, की बाहेर म्हणजे नाही. फुटबॉलमध्ये रेषा बॉलसाठी असते. बॉल पूर्ण गोलाईने रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. माणूस मात्र खेळाच्या ओघात खुशाल बाहेर जाऊ शकतो. विंगर समोरच्याला चकवताना बॉल रेषेच्या आतून ढकलतो आणि स्वतः बाहेरून पळत जातो. थ्रो घेणारा बाहेर उभा असतो. जाळीत घसरलेला फॉरवर्ड उठून परत येतो. कुणी शिट्टी वाजवत नाही. आणि परवानगीने बाहेर गेलेला, म्हणजे रक्त आलं किंवा उपचार घ्यायचे म्हणून रेफ्रीने पाठवलेला, तो मात्र खरंच बाहेर. तो मोजला जात नाही, आणि रेफ्रीच्या खुणेशिवाय परत पाऊल टाकू शकत नाही. खेळ चालू असेल तर तो बाजूच्या रेषेवरूनच आत येऊ शकतो. विचारून गेलेला गैरहजर आणि न विचारता पडलेला हजर. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं. जितका विचार केला तितकं ते मला आवडत गेलं.

बाहेरच्या माणसाने आतल्या खेळात हात घातला तर काय होतं, याचं एक उदाहरण मला फार लागून राहिलंय. ऑक्टोबर २०१९, जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतली होल्स्टाइन कील आणि बोखुमची मॅच. कीलचा राखीव खेळाडू एबरवाइन गोलच्या बाजूला वॉर्मअप करत होता. बोखुमचा फटका गोल चुकून बाहेरच निघालेला. त्याने सहज पाय पुढे करून बॉल अडवला. आपल्या गोलकीपरला लवकर द्यावा, एवढाच त्याचा हेतू असावा. पण बॉल अजून रेषेपलीकडे पूर्ण गेला नव्हता. पेनल्टी दिली गेली आणि तिच्यावर गोलही झाला. कीलने मॅच शेवटी दोन-एकने जिंकली, म्हणून त्या मुलाचं थोडक्यात निभावलं. मला मात्र त्याचा तो पुढे आलेला पाय विसरता येत नाही. त्यात काहीही वाईट नव्हतं. कुणीही वीस वेळा करेल अशी ती हालचाल होती.

मोठ्या मॅचमध्येही हा प्रश्न आलाय. १८ डिसेंबर २०२२, वर्ल्ड कपची फायनल. जादा वेळेत मेस्सीने अर्जेंटिनाचा तिसरा गोल केला, तेव्हा बॉल रेषा ओलांडायच्या आधीच त्यांचे काही राखीव खेळाडू आनंदाने मैदानात पाऊल टाकून उभे होते. तेव्हाच्या नियमाचं अक्षर धरलं तर गोल करणाऱ्या संघाचा जादा माणूस मैदानात असताना झालेला गोल रद्द व्हायला हवा, असं फ्रान्समध्ये लिहिलं गेलं. पुढच्याच वर्षी नियम बनवणाऱ्यांनी स्पष्ट केलं, की त्या जादा माणसाचा खेळावर काही परिणाम झाला का, ते रेफ्रीने बघावं. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. बाकावरून उठून दोन पावलं आत आलेल्या पोराच्या आनंदाने कुणाचा बॉल अडत नाही.

आता त्या सात मिनिटांकडे येतो, कारण मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच. गोल झाल्याचं दुःख केव्हाच विरलं. मैदान सोडल्याचं अजून विरलेलं नाही.

३ मार्च २०२३ ला बंगळूरमध्ये बेंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्सची बाद फेरीची मॅच बघताना ते पुन्हा वर आलं. जादा वेळेत सुनील छेत्रीने फ्री किक झटकन घेतली. केरळचा गोलकीपर आपल्या खेळाडूंची भिंत लावत होता, आणि बॉल जाळीत. रेफ्रीने गोल दिला. समोरच्यांना ९.१५ मीटर मागे हटवा असं फ्री किक घेणाऱ्यांनी मागितलं नाही, तर ती लगेच घेता येते. त्यात शिट्टीची वाट बघायची की नाही, यावर तिथे वाद पेटला. केरळच्या प्रशिक्षकांनी संघाला मैदानाबाहेर बोलावलं आणि संघ परत आलाच नाही. मॅच बेंगळुरूला दिली गेली, पुढे केरळला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांना दहा सामन्यांची बंदी. माझ्या ओळखीचे बहुतेक जण त्या रात्री गोल बरोबर की चूक यावरच भांडत होते. मी टीव्हीवर पिवळे शर्ट एकेक करून बाहेर जाताना बघत होतो. आपण काय सोडून चाललोय, हे त्यांच्यातल्या एखाद्याला तरी त्या क्षणी जाणवलं असेल का? मला जाणवलं नव्हतं. पडून बाहेर गेलो होतो तेव्हा नियमाने मला धरून ठेवलं होतं. उठून बाहेर गेलो तेव्हा धरायला काही उरलंच नाही. सातपेक्षा कमी खेळाडू उरले की मॅच पुढे चालूच शकत नाही. आम्ही तर एकही ठेवला नव्हता.

१९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये कुवेतने याच्या बरोबर उलटं घडवून दाखवलं होतं. फ्रान्सविरुद्ध प्रेक्षकांतल्या शिट्टीला फसून त्यांचे बचावपटू थांबले, जिरेसने गोल केला, आणि त्यांच्या संघटनेचे प्रमुख शेख फहाद प्रेक्षकांतून थेट मैदानात उतरले. संघ बाहेर काढायची भाषा झाली आणि रेफ्रीने दिलेला गोल मागे घेतला. तरी कुवेत चार-एकने हरलंच. रेफ्रीने दबावाखाली गोल मागे घेतला, तेव्हा त्या मैदानावर सगळ्यांत एकटा माणूस तोच असणार. आमच्या रेफ्रींनी त्या दिवशी मागे घेतला नाही. दहा पोरं तोंडावर ओरडत होती, त्यांच्या गावावरून बोलत होती, त्यांचाच लाइन्समन झेंडा वर करून उभा होता आणि पाऊस लागला होता. ते ढळले नाहीत.

२००८ च्या त्या मॅचनंतर मी त्यांना शोधलं. लीगच्या एका मॅचला ते बाहेर खुर्चीवर बसलेले भेटले. आता शिट्टी नव्हती, गुडघे गेले होते म्हणाले. मी सगळं सांगितलं. मैदान, साल, कॉर्नर, गोलरेषा, आम्ही काय बोललो, कसे निघून गेलो. माफी मागितली. त्यांना ती मॅच आठवेना. इतक्या मॅच झाल्या, म्हणाले, आणि निघून गेलेल्या टीमही बऱ्याच. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "घोट्यावर पडलेला तूच का?"

मी हो म्हणालो.

"तू हाताने जाळी धरून उठायला बघत होतास. म्हणून मी शिट्टी नाही मारली. निपचित असतास तर तिथेच खेळ थांबवला असता." मग खाली माझ्या बुटांकडे बघून, "पाय बरा झाला का नंतर?"

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, की त्यांनी मला पाहिलंच नसेल किंवा पाहून सोडून दिलं असेल. सगळ्या मैदानात माझ्याकडे बघणारे ते एकटेच होते. माझा कॅप्टन, माझी फळी, सगळे पुढे पळाले होते. दुखापत किरकोळ असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्यायचा आणि गंभीर असेल तर तिथल्या तिथे थांबवायचा, हे रेफ्रीला क्षणात ठरवावं लागतं. ते त्यांनी माझ्या हाताकडे बघून ठरवलं होतं. आणि माझ्याकडे बघितल्यामुळेच मी तिथे आहे, म्हणजे ऑफसाइडसाठी दुसरा माणूस आहे, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. पाय बरा झाला, म्हणालो. थंडीत दुखतो अजून. ते म्हणाले, "तीळतेल लाव," आणि परत मॅचकडे वळले.

आता माझी मुलगी खेळते. आठवडाभर बाणेरच्या टर्फवर, चारही बाजूंनी जाळी. तिथे बॉल जाळीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. बाहेर असं काही नसतंच. मजा येते, वेग येतो, पण रेघेचं भान त्यात येत नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून महिन्यातून दोनदा तरी मी तिला मातीच्या मैदानावर नेतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मैदानावर मुलींची मॅच होती. बॉल थेट तिच्या तोंडावर बसला आणि नाकातून रक्त आलं. रेफ्रीताईंनी तिला बाहेर पाठवलं. कोचनी नाकात कापूस घातला, शर्टावर डाग पडला होता म्हणून दुसरा शर्ट दिला. रक्त थांबलं. चौथ्या पंचांनी नाक आणि शर्ट तपासला. मग ती बाजूच्या रेषेशी, मध्यरेषेजवळ, एक हात वर करून उभी राहिली. खेळ चालू होता आणि रेफ्रीताई पलीकडच्या टोकाला होत्या. आत आमच्या दहाच मुली आणि समोर अकरा. ती जागच्या जागी उड्या मारत होती. मी छत्री घेऊन तिच्या मागे दहा पावलांवर, तोंडाला कुलूप लावून.

एवढ्यात समोरच्यांच्या मुलीने बॉल रेषेलगत पुढे लोटला आणि तो तिच्या पायांशीच आला. रेघेच्या आत वीतभर. बूट नुसता पुढे केला असता तर अडला असता, आणि मागे तिची जागा मोकळी पडलेली दिसत होती. तिचा उजवा पाय उचललेला मी पाहिला. माझ्या पोटात गोळा आला. तिने तो पाय तसाच हवेत धरला, मग मागे घेतला, आणि बॉलला जाऊ दिलं. हात वरच होता.

बॉल कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेला. तिथून क्रॉस आला, आमच्या गोलकीपरने तो छातीशी धरला आणि लांब मारला. रेफ्रीताई वळल्या, त्यांची नजर तिच्यावर गेली आणि त्यांनी हाताने आत बोलावलं. ती पुसट झालेली फक्की ओलांडून डावीकडच्या आपल्या जागेकडे पळत सुटली, नाकात कापूस तसाच.